कृत्रिम श्वसन, दीर्घकालीन
कृत्रिम श्वसन, दीर्घकालीन : श्वसनस्नायू निकामी झाल्यामुळे ज्यास स्वतः पुरेसा श्वास घेता येत नाही, अशा रोग्याच्या फुप्फुसांत यंत्राच्या साहाय्याने अनेक दिवस, प्रसंगी वर्षानुवर्षे हवा पोहोचविण्याची व त्या काळात त्याची शुश्रूषा करण्याची पद्धती.

या पद्धतीचा उगम बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथींत आहे. फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांचे ‘लोहफुप्फुस’ १९२८ मध्ये बॉस्टन येथे प्रथम रोग्यासाठी वापरले गेले. डोके तेवढे बाहेर ठेवून उरलेले शरीर बंद पेटीत ठेवीत व पेटीतील हवेचा दाब कमी-अधिक करून छाती हलती ठेवीत. १९५२ मधील कोपनहेगनच्या साथीत ही साधने अपुरी पडली. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनालास छेद देऊन तीत नळी बसविली व रबरी पिशवी हाताने दाबून हवा देण्यास आरंभ केला. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले व मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ येथून मानतात. त्या आरंभी यंत्राचा भाग फारच थोडा होता, याचा पुढे विसर पडला असे म्हणावे लागते.

भारतात नैसर्गिक विषाणूजन्य पोलिओचा अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. नांदेड व लातूरसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांत यंत्राची गरज निर्माण करणारी कारणे निराळी आहेत. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. तिच्या विषाने तंत्रिकांच्या टोकांची एकदा हानी झाली, म्हणजे ती प्रतिविषाने भरून येत नाही. टोके पुन्हा वाढेपर्यंत श्वास बाहेरूनच द्यावा लागतो. कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत रोगी सावरल्यासारखा वाटत असता एक ते चार दिवसांनी मानेचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. असे रोगी दोन-तीन आठवडे तगविता आले, तर त्यांतील पुष्कळसे बरे होऊन शेतावर परततात.

नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये, लातूर येथे २००२ मध्ये निघाले. कोविड-१९ च्या साथीत यंत्रांची संख्या एकदम वाढली. परंतु मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलेल्या अहवालानुसार तेथील शासकीय महाविद्यालयास केंद्राकडून मिळालेल्या १५० यंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ सदोष होती. केंद्र सरकारला हे मान्य नव्हते. यंत्रे नीट हाताळली जात नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावल्यानंतर उच्च न्यायालयाने राज्याकडे मंजूर व रिक्त पदांचा तपशील मागितला.

मानेतील मेरुरज्जूची इजा, स्नायूंचा अपक्षय यांसारख्या विकारांत यंत्र कायमचे लागते. असा रोगी अखेर घरी येतो. नळीतील कफ शोषून काढणे व शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे मग घरातील माणसांवर, बहुधा स्त्रियांवर पडतात. वीज गेल्यास यंत्राची विद्युत् घटमाला काही तासच पुरते. यासाठी हाताने दाबावयाची पिशवी उशाशी ठेवावी लागते व ती मिनिटास १२ ते १५ वेळा दाबण्याचा सराव घरातील निदान दोघांना असावा लागतो.