नाव एकाकडे, माणसे दुसरीकडे : ओपनऑफिसचा ऱ्हास

ओपनऑफिस अधिकृतपणे कधीच बंद झाले नाही. त्याचे संकेतस्थळ चालू आहे, किरकोळ दुरुस्त्या केलेल्या आवृत्त्या अधूनमधून निघतात आणि लोक ते आजही आपल्या संगणकावर उतरवून घेतात. तरीही मायक्रोसॉफ्ट ऑफिसला एके काळी सर्वांत गंभीर आव्हान देणारा हा प्रकल्प २०१५-१६ पर्यंत आतून रिकामा झाला होता. विशेष म्हणजे ही वेळ मायक्रोसॉफ्टने आणली नव्हती. नाव, मालकी आणि परवाना या तीन कागदी गोष्टींनी ती आणली. म्हणूनच हा थ्रेड संगणकाविषयी जितका आहे, तितकाच दप्तरखान्याविषयीही आहे.

आरंभ जर्मनीतला. ल्यूनेबुर्ग येथे १९८५ साली मार्को ब्यरिस या किशोरवयीन मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. स्टाररायटर या तिच्या लेखन-सॉफ्टवेअरचा पुढे स्टारऑफिस हा संच झाला. १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी ७ कोटी ३५ लाख डॉलरना विकत घेतली. या खरेदीमागचे एक कारण सनमधल्याच सायमन फिप्स यांनी पुढे सांगितले, आणि ते मोठे मासलेवाईक आहे. सनच्या सुमारे ४२ हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा असे सॉफ्टवेअर बनवणारी अख्खी कंपनी विकत घेणेच स्वस्त पडत होते.

ऑक्टोबर २००० मध्ये सनने या संचाचा सोर्स कोड खुला केला. 'ओपनऑफिस' हे व्यापारचिन्ह दुसऱ्या कोणाकडे असल्यामुळे प्रकल्पाचे अधिकृत नाव 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' असे ठेवावे लागले. या कथेत नावाची अडचण पहिल्या दिवसापासून आहे.

१.० ही आवृत्ती २००२ साली आली आणि पुढची काही वर्षे प्रकल्पाच्या भरभराटीची ठरली. त्याच्या फायलींच्या मांडणीतून ओडीएफ हे खुले मानक घडले आणि २००६ साली त्याला आयएसओची मान्यता मिळाली. एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसलेली, पन्नास वर्षांनीही उघडता येईल अशी सरकारी कागदपत्रे या कल्पनेला त्यामुळे आधार लाभला. जर्मनीतील म्यूनिक शहराच्या प्रशासनाने हा संच स्वीकारला. भारतात २००५ साली केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने तमिळ आणि हिंदी सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटल्या, त्यांतही ओपनऑफिसचे भारतीय भाषांतले रूप होते. ऑक्टोबर २००८ मध्ये ३.० आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच सुमारे ३० लाख प्रती उतरवल्या गेल्या आणि पहिल्या दिवशी तर गर्दीने संकेतस्थळच कोलमडले.

मात्र याच काळात पाया खचू लागला होता. सोर्स कोड सर्वांना खुला होता, पण मुख्य प्रकल्पात भर घालायची असेल तर एका हस्तांतरपत्रावर सही करावी लागे आणि आपण लिहिलेल्या भागाच्या स्वामित्वहक्कात सनलाही वाटेकरी करून घ्यावे लागे. ही अट अनेकांना खटकत होती. शिवाय बाहेरून आलेल्या सुधारणा मुख्य प्रकल्पात शिरायला फार वेळ घेत. नॉव्हेल कंपनीतील मायकेल मीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुधारणा एकत्र करून 'गो-ओओ' नावाची वेगळी आवृत्तीच चालवली होती आणि कित्येक लिनक्स वितरणे ओपनऑफिस म्हणून प्रत्यक्षात तीच देत होती. फूट २०१० साली पडली असे म्हटले जाते, पण तिच्या भेगा त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सनची खरेदी पूर्ण केली. त्या खरेदीबरोबर ओपनऑफिसचे नाव आणि त्या हस्तांतरपत्रांनी जमा झालेले सगळे हक्कही ओरॅकलकडे गेले. स्वयंसेवकांनी सह्या केल्या होत्या त्या सनशी असलेल्या विश्वासावर. तो विश्वास खरेदीखतात हस्तांतरित होत नाही, हक्क मात्र होतात.

२८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातील अनेक प्रमुख कार्यकर्त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या स्वतंत्र संस्थेची घोषणा केली. तिचे निवेदन मुळातून पाहण्यासारखे आहे. त्यात ओरॅकलला संस्थेचे सदस्यत्व देऊ केले होते आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेला दान करण्याची विनंती केली होती. त्याचा निर्णय होईपर्यंत काम चालावे म्हणून 'लिबरऑफिस' हे नाव तूर्त घेतले होते. आज कोट्यवधी लोक वापरतात ते नाव मुळात तात्पुरते होते. बंडखोरांना नवे राज्य नको होते, जुन्याच राज्याचा शिक्का हवा होता.

ओरॅकलने तो दिला नाही. ऑक्टोबरमध्ये प्रकल्पाच्या परिषदेत ओरॅकलच्या बाजूने हितसंबंधांच्या संघर्षाचे कारण पुढे करण्यात आले आणि नव्या संस्थेशी संबंध असलेल्या सदस्यांना बाहेर पडण्यास सांगण्यात आले. महिन्याच्या अखेरीस ३३ कार्यकर्त्यांनी एकत्रित पत्र लिहून प्रकल्प सोडला.

मराठी वाचकाला येथे १७४९ नंतरचा सातारा आठवल्यावाचून राहणार नाही. शाहू महाराजांच्या निधनानंतर गादी साताऱ्यास राहिली आणि कारभार पुण्यास गेला. साम्य आहे, पण अर्धेच. पेशव्यांनी अखेरपर्यंत छत्रपतींच्याच नावाने कारभार केला. येथे कारभाऱ्यांना शिक्का मागे ठेवून रिकाम्या हाती निघावे लागले, आणि रयतेतल्या पुष्कळांना ते गेल्याचे समजलेदेखील नाही.

जाणत्या वर्तुळात मात्र बदल वेगाने झाला. जर्मन कायद्याप्रमाणे प्रतिष्ठान नोंदवण्यासाठी ५० हजार युरोंचे भांडवल हवे होते, ते फेब्रुवारी २०११ मध्ये देणगीदारांकडून ८ दिवसांत उभे राहिले. त्याच वसंतात उबुंटूसह प्रमुख लिनक्स वितरणांनी ओपनऑफिसच्या जागी लिबरऑफिस आणले. नव्या प्रकल्पाने कामाची रीतही बदलली. नवशिक्यांसाठी सोप्या कामांची यादी केली, वर्षानुवर्षे साचलेला निरुपयोगी कोड काढून टाकला आणि स्टार डिव्हिजनच्या काळापासून कोडमध्ये राहिलेल्या हजारो जर्मन टिपांचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. हे काम क्षुल्लक वाटेल, पण जर्मन न येणाऱ्या प्रोग्रामरला त्यामुळेच तो जुना कोड वाचता येऊ लागला.

यानंतर ओरॅकलने एप्रिल २०११ मध्ये ओपनऑफिसच्या व्यापारी आवृत्तीतून अंग काढून घेतले आणि जूनमध्ये सोर्स कोड व नाव दोन्ही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिले. ज्यांनी नाव मागितले होते त्यांना ते मिळाले नाही, ज्यांनी हा संच कधी सांभाळला नव्हता त्यांच्याकडे ते गेले. लोटस सिंफनी हा आयबीएमचा संच ओपनऑफिसच्याच कोडवर उभा होता. अपाचीचा परवाना आयबीएमला सोयीचा होता आणि अपाचीतल्या कामाला प्रारंभी मोठा आधारही आयबीएमच्याच अभियंत्यांचा होता.

आता परवाना, म्हणजे या ऱ्हासाचे सर्वांत कमी सांगितले जाणारे कारण. अपाचीच्या परवान्यातला कोड कोणीही घ्यावा, आपल्या उत्पादनात मिसळावा आणि स्वतःचे बदल हवे तर झाकूनही ठेवावेत. मूळ श्रेय दिले की पुरे. लिबरऑफिसच्या परवान्याची अट याहून कडक आहे: त्यातला भाग सुधारून वाटायचा असेल, तर ती सुधारणाही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. याचा अर्थ असा की लिबरऑफिस ओपनऑफिसमधून हवे ते उचलू शकत होते, उलट दिशेने मात्र अपाचीच्या नियमांनुसार काहीच घेता येत नव्हते. दोन विहिरींमधला पाट असा एकाच बाजूला वाहू लागला.

जुलै २०१३ मध्ये याचे प्रात्यक्षिकच घडले. अपाची ओपनऑफिस ४.० आले. त्याचे मुख्य आकर्षण म्हणजे आयबीएमने सिंफनीतून दिलेली पडद्याच्या कडेची साधनपट्टी. त्याच महिन्यात लिबरऑफिस ४.१ आले, आणि तीच पट्टी प्रायोगिक रूपात त्यातही होती.

एप्रिल २०१४ मध्ये अपाचीने १० कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात ४.१ ही आवृत्ती निघाली. पुढे आयबीएमचे अभियंते कमी होत गेले आणि प्रकल्प मूठभर स्वयंसेवकांवर येऊन ठेपला. डाउनलोडचा आकडा नावाची पुण्याई मोजतो, पडद्यामागे किती हात काम करताहेत हे तो सांगत नाही.

ते हात किती उरले होते, हे सुरक्षा-त्रुटींनी उघडे पाडले. एप्रिल २०१५ मध्ये कोरियन 'एचडब्ल्यूपी' फायली वाचणाऱ्या भागात एक धोकादायक त्रुटी जाहीर झाली. लिबरऑफिसमध्ये तिची दुरुस्ती झालेली होती. ओपनऑफिसच्या वापरकर्त्यांना मात्र तो भागच हाताने काढून टाकण्याचा सल्ला देण्यात आला आणि दुरुस्त आवृत्ती ऑक्टोबरअखेरीस निघाली. पुढच्या वर्षी याहून बिकट प्रसंग आला. सादरीकरणाच्या फायलींतून संगणकावर हल्ला करता येईल अशी त्रुटी जुलै २०१६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा अपाचीकडे दुरुस्त आवृत्ती तयार नव्हती. तात्पुरते ठिगळ ऑगस्टअखेरीस आले, पूर्ण आवृत्ती ऑक्टोबरमध्ये. दरम्यान कोट्यवधी लोकांच्या संगणकांवर ती त्रुटी तशीच होती. त्यांतल्या बहुसंख्यांना 'अपाची' आणि 'लिबरऑफिस' हे दोन्ही शब्द अपरिचित होते. त्यांना ठाऊक होते एकच नाव, दहा वर्षांपूर्वी कोणीतरी विश्वासाने सांगितलेले.

सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीचे तत्कालीन प्रमुख डेनिस हॅमिल्टन यांनी एक अवघड प्रश्न उघडपणे मांडला: हा प्रकल्प निवृत्त करायचा झाल्यास काय काय करावे लागेल? प्रामाणिकपणाचे असे दाखले संस्थांच्या इतिहासात फार सापडत नाहीत. चर्चा मोठी झाली, उरलेल्या स्वयंसेवकांनी निवृत्तीला विरोध केला आणि प्रकल्प चालू राहिला. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. कसलीही अपेक्षा नसतानाही जुने घर झाडून-पुसून ठेवणाऱ्या माणसांसारखे ते काम करत राहिले, पण घराची डागडुजी आणि नवे बांधकाम यांत अंतर असतेच.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोर्स कोड खुला झाल्याच्या विसाव्या वर्षदिनाच्या पूर्वसंध्येला, द डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचीला अनावृत पत्र लिहिले. त्यातील आकडेवारीनुसार २०१९ या एका वर्षात लिबरऑफिसच्या कोडमध्ये १५ हजारांहून अधिक बदल नोंदले गेले होते, ओपनऑफिसमध्ये ५९५. या वेळी पत्रात नाव मागितलेले नव्हते. अधिक सक्रिय असा एक पर्याय आहे, एवढेच आपल्या वापरकर्त्यांना सांगावे, अशी विनंती होती. पुढची मोठी आवृत्ती, ४.२, तेव्हाही निघालेली नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत आल्या त्या ४.१ च्याच मालिकेतल्या दुरुस्त आवृत्त्या, आणि ओपनऑफिस हे नाव अपाचीकडेच राहिले.