तरुण बचावपटूंची घडण (आइस हॉकी)

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत अठराव्या वर्षाच्या आसपास निवडलेल्या बचावपटूला पूर्ण तयारीचा खेळाडू बनवण्याची प्रक्रिया. ती दुय्यम लीगमध्ये पार पाडावी की खेळाडूला थेट सर्वोच्च लीगमध्ये उतरवावे, हा प्रश्न नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) ३२ संघांपुढे दर सप्टेंबरात, सराव शिबिराच्या वेळी उभा राहतो. दुय्यम लीग म्हणजे मुख्यतः अमेरिकन हॉकी लीग (एएचएल). १९३६ साली सुरू झालेल्या या लीगमध्येही आज ३२ संघ असून त्यांतील प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला आहे. तिच्या खाली ईसीएचएल ही आणखी एक पायरी आहे. एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के खेळाडू आपल्याकडून वर गेलेले असतात, असे एएचएल सांगते.

बचावपटूला वेळ का लागतो : सामन्यासाठी प्रत्येक संघाचे २० खेळाडू सज्ज असतात. सहसा त्यांत १२ आघाडीपटू, ६ बचावपटू आणि २ गोलरक्षक असतात. बचावपटू जोडीने खेळतात. पहिल्या जोडीच्या वाट्याला ६० मिनिटांपैकी पंचवीसच्या आसपास मिनिटे येतात, तिसऱ्या जोडीला बरीच कमी. आघाडीपटूच्या हातून चूक झाली तर ती सावरायला मागे दोन बचावपटू उभे असतात. बचावपटू चुकला तर मागे फक्त गोलरक्षक उरतो. त्यामुळे अनुभव नसलेल्या आघाडीपटूला चौथ्या फळीत सांभाळून घेता येते. बचावपटूच्या बाबतीत ती सोय फारशी नसते.

कामही गुंतागुंतीचे असते. प्रतिस्पर्धी संघ पक (रबराची चकती) लांबून मागच्या कोपऱ्यात ढकलतो आणि तिच्या मागे धावतो, हा प्रसंग एका सामन्यात कितीतरी वेळा येतो. बचावपटूला अशा वेळी स्वतःच्या गोलकडे तोंड करून, पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन पकपर्यंत पोहोचावे लागते. पोहोचण्याआधी तो खांद्यावरून एकदा, शक्य झाल्यास दोनदा मागे बघतो. तेवढ्यात त्याला ठरवावे लागते, की पक गोलच्या मागून जोडीदाराकडे द्यायची, उलट दिशेने फिरवून आपल्याच जागी सोडायची, मधल्या पट्ट्यात आलेल्या सेंटरकडे (मधल्या आघाडीपटूकडे) सरळ पास द्यायचा, की काचेवर आपटून नुसती बाहेर काढायची. हे ठरवायला सेकंद-दीड सेकंद मिळतो. ज्युनिअर हॉकीत हाच वेळ थोडा जास्त मिळतो आणि अंगावर येणारा खेळाडू सतरा-अठरा वर्षांचा असतो. एनएचएलमध्ये तो तिशीतला, नव्वद किलोंचा आणि तुमची आवडती चाल चित्रफितीवर पाहून आलेला असतो. याशिवाय मागे स्केटिंग करताना अंगावर येणाऱ्या खेळाडूपासून नेमके अंतर राखणे, गोलसमोर जागा न सोडणे, एक खेळाडू कमी असताना फटके अडवणे, ही कामे आहेतच. ती फळ्यावर समजावता येतात, पण अंगवळणी पडतात सामन्यांतच.

नियमांची चौकट : कोणाला कुठे पाठवायचे, हे संघाच्या मर्जीवर पूर्णपणे सोडलेले नाही. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेला खेळाडू २० वर्षांचा होईपर्यंत, किंवा ज्युनिअरमधील त्याची चार वर्षे पूर्ण होईपर्यंत, एएचएलमध्ये खेळू शकत नाही, असा करार दीर्घकाळ लागू राहिला. परिणामी १९ वर्षांच्या गुणी बचावपटूपुढे दोनच वाटा उरत : एनएचएल, नाहीतर ज्युनिअरमध्ये परत. पहिली बहुधा फार अवघड ठरे आणि दुसरी फार सोपी. युरोपातून आलेल्यांना हे बंधन नाही. अमेरिकन विद्यापीठांतील खेळाडू आपल्या संघाकडूनच वाढतात आणि करार केल्यावर वर किंवा खाली कुठेही जाऊ शकतात.

पैशांचा हिशेबही यात मिसळतो. १८ किंवा १९ वर्षांच्या खेळाडूने पहिल्या करारावर एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळले, तर त्या कराराचे वर्ष वापरले गेले असे धरत नाहीत. करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून पुष्कळ तरुणांची चाचणी नऊ सामन्यांवर थांबते. एएचएलने आपल्याकडून वेगळा नियम केला आहे : सामन्यातील १८ खेळाडूंपैकी (गोलरक्षक सोडून) किमान १३ जण ठरावीक सामन्यांपेक्षा कमी व्यावसायिक अनुभव असलेले हवेत. जुन्या खेळाडूंच्या गर्दीत तरुणांची जागा जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

एएचएलमध्ये काय मिळते : एएचएलचा हंगाम ७२ सामन्यांचा, एनएचएलचा २०२५-२६ पर्यंत ८२ सामन्यांचा. एएचएलचे बहुतेक सामने शनिवार-रविवारला चिकटून असतात, क्वचित तीन दिवसांत तीन. हे शरीराला जड जाते. पण आठवड्याचे मधले दिवस सरावाला मोकळे राहतात. एनएचएलमध्ये प्रवास आणि सामने यांतून पूर्ण सराव फार थोडे होतात. दुसरा लाभ जबाबदारीचा. वर तिसऱ्या जोडीत जेमतेम वेळ खेळू शकणारा मुलगा खाली पहिल्या जोडीत उतरतो, पॉवर प्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू कमी असतानाचा खेळ) चालवतो, शेवटच्या मिनिटात एका गोलची आघाडी राखायला बर्फावर असतो. २०१५ साली कॅलिफोर्नियात एकाच वेळी पाच एएचएल संघ आणले गेले. आपले तरुण आपल्या नजरेच्या टप्प्यात असावेत, ही पश्चिमेकडील मालक संघांची गरज त्यामागे होती. टोरांटोचे दोन्ही संघ तर एकाच शहरात खेळतात.

जुनी उदाहरणे : माँट्रियाल कॅनेडियन्सने १९७१ मध्ये निवडलेला लॅरी रॉबिन्सन नोव्हा स्कोशिया व्हॉयेजर्सकडून एएचएलमध्ये खेळला, १९७२ मध्ये तेथे एएचएलच्या विजेतेपदाचा कॅल्डर करंडक जिंकला आणि १९७३ मध्ये वर आला. पुढे त्याने खेळाडू म्हणून एनएचएलच्या विजेतेपदाचे सहा स्टॅन्ली करंडक आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस पुरस्कार दोनदा मिळवला. डंकन कीथला शिकागोने २००२ मध्ये ५४ व्या क्रमांकावर निवडले. अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाने नॉरफोक ॲडमिरल्सकडून सलग दोन पूर्ण हंगाम काढले आणि २००५ मध्ये, २२ व्या वर्षी, तो एनएचएलमध्ये उतरला. त्यानंतर त्याला खाली पाठवण्याची वेळ आली नाही. तीन स्टॅन्ली करंडक, दोन नॉरिस आणि २०१५ च्या प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान ही त्याची पुढची कमाई.

ही पद्धत संघाची रीत म्हणून जोपासली ती नॅशव्हिलने. मिलवॉकीचा संघ १९९८ पासून त्यांच्याशी जोडलेला असून २००१ पासून एएचएलमध्ये खेळतो. शे वेबर, रोमन योसी, रायन एलिस आणि मॅटियास एकहोम हे चौघेही मिलवॉकीत खेळून वर आले. २०१६ मध्ये वेबरच्या बदल्यात माँट्रियालकडून पी. के. सुबान आला; त्यानेही २००९-१० चा हंगाम हॅमिल्टन बुलडॉग्जकडून खेळला होता, ७७ सामन्यांत ५३ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) मिळवले होते. २०१७ मध्ये नॅशव्हिल अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा योसी-एलिस आणि एकहोम-सुबान या त्यांच्या पहिल्या दोन जोड्या होत्या. चौघांचीही घडण एएचएलमध्ये झालेली.

डेट्रॉईटचा मार्ग : अलीकडच्या काळात या वाटेचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे जर्मनीचा मॉरिट्झ झायडर. २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू मानहाइमकडून, म्हणजे युरोपातून आल्याने ज्युनिअरचा नियम त्याला लागू नव्हता. डेट्रॉईटने त्याला १८ व्या वर्षीच ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्सकडे पाठवले. ४९ सामन्यांत त्याने २ गोल आणि २० असिस्ट केले. पुढचा हंगाम त्याने स्वीडनमध्ये रोएग्लेकडून काढला. २०२१-२२ मध्ये डेट्रॉईटकडून तो सर्व ८२ सामने खेळला, ५० गुण मिळवले आणि पदार्पणातील सर्वोत्तम खेळाडूची कॅल्डर ट्रॉफी घेऊन गेला. सिमॉन एडविनसन २०२१ मध्ये त्याच सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याला याहून सावकाश वर आणले गेले : २०२२-२३ मध्ये एनएचएलचे नऊ सामने, २०२३-२४ चा बराचसा काळ पुन्हा ग्रँड रॅपिड्समध्ये आणि २०२४-२५ पासून कायमची जागा. त्या वेळी चाहत्यांची अधीरता वाढली होती, तरी व्यवस्थापन हलले नाही. हा धीर मोलाचा ठरला.

थेट वर गेलेले : याच्या नेमके उलट उदाहरणेही कमी नाहीत. ड्रू डाउटी २००८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसकडून खेळू लागला. २०१२ आणि २०१४ चे करंडक व २०१६ चा नॉरिस त्याच्या नावावर आहेत. ॲरन एकब्लाडने २०१४-१५ मध्ये १८ व्या वर्षी फ्लोरिडाकडून पदार्पण करून कॅल्डर ट्रॉफी मिळवली. व्हिक्टर हेडमन आणि रास्मुस डालिनही एएचएलच्या वाटेला गेले नाहीत. ॲडम फॉक्स, क्विन ह्यूज आणि लेन हटसन हे विद्यापीठांतून सरळ एनएचएलमध्ये आले. हटसनने २०२४-२५ या पहिल्याच पूर्ण हंगामात ६० असिस्ट करून नवोदित बचावपटूंच्या विक्रमाची बरोबरी साधली. यांतील बहुतेकांकडे असामान्य स्केटिंग होते, आणि विद्यापीठातून आलेल्यांनी दोन-तीन वर्षे आपल्यापेक्षा मोठ्या मुलांशी झुंज दिलेली होती.

घाईचा फटका बसलेले खेळाडू वेगळे. ल्यूक शेन २००८ मध्ये टोरांटोकडून थेट १८ व्या वर्षी उतरला आणि पहिल्या हंगामात ७० सामने खेळला. सुरुवात कौतुकाची झाली. पण संघ दुबळा होता, पक घेऊन सुटण्याचे तंत्र मागे पडले आणि २०१२ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देण्यात आले. गमतीचा भाग म्हणजे, एएचएलचे दिवस त्याच्या वाट्याला दहा वर्षांनी आले : २०१८-१९ मध्ये तो सॅन डिएगो आणि यूटिकाकडून खेळला. त्यानंतर टँपा बेकडून २०२० आणि २०२१ असे दोन करंडक जिंकून त्याने एनएचएलच्या हजार सामन्यांचा टप्पाही ओलांडला.

मधल्या वाटा : काहींना खालचा मुक्काम अगदी थोडा पुरतो. एरिक कार्लसन २००९ मध्ये ओटावाकडून चाचपडला, तेव्हा त्याला एएचएलमध्ये बिंगहॅम्टनला धाडले. तेथे १२ सामन्यांत ११ असिस्ट करून तो परतला आणि पुढे त्याने तीन नॉरिस पुरस्कार मिळवले. एव्हन बुशार्डला एडमंटनने २०१८ मध्ये सात सामने खेळवून ज्युनिअरमध्ये परत पाठवले, मग बेकर्सफील्डमध्ये एक हंगाम दिला. २०२३-२४ मध्ये त्याने ८२ गुण मिळवले.

खालचे यश वरच्या यशाची हमी देत नाही, हे मात्र जस्टिन शुल्ट्झने दाखवून दिले. २०१२ मध्ये एनएचएलची टाळेबंदी सुरू असताना त्याने ओक्लाहोमा सिटीकडून ३४ सामन्यांत ४८ गुण मिळवले आणि एएचएलच्या सर्वोत्तम बचावपटूचा एडी शोर पुरस्कार पटकावला. एडमंटनने त्याच्यावर लगेच मोठी जबाबदारी टाकली. ती त्याला पेलली नाही. २०१६ मध्ये पिट्सबर्गला गेल्यावर कमी अवघड मिनिटे मिळाली, तसा खेळ सावरला आणि त्याने लागोपाठ दोन करंडक जिंकले. खेळाडू तोच होता; त्याच्याकडून मागितलेले काम बदलले होते. चेकियाचा डेव्हिड यिरिचेक २०२२ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. क्लीव्हलँडमधील ५५ सामन्यांत त्याने ३८ गुण मिळवले. पण पुढे वर-खाली जाणे-येणे सुरूच राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलंबसने त्याला मिनेसोटाकडे सोपवले.

मूल्यमापन : दोन वाटांची सर्वांत बोलकी तुलना एकाच जोडीत सापडते. कोलोराडोच्या केल मकारने एप्रिल २०१९ मध्ये विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना हरल्यावर दोनच दिवसांनी, थेट प्लेऑफमध्ये पदार्पण केले आणि त्याच सामन्यात गोल केला. एएचएलचा एकही सामना तो खेळलेला नाही. त्याचा जोडीदार डेव्हन टेव्ज २०१४ मध्ये १०८ व्या क्रमांकावर निवडला गेला, ब्रिजपोर्टमध्ये दोन हंगामांहून अधिक काळ राहिला आणि वयाची चोविशी उलटेपर्यंत त्याला एनएचएल दिसली नाही. २०२० मध्ये कोलोराडोने त्याला दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी देऊन मिळवले. २०२२ चा स्टॅन्ली करंडक या जोडीने सोबत जिंकला. मकार तयार होता म्हणून थांबवला नाही, टेव्ज तयार होईपर्यंत त्याला थांबू दिले. दोन्ही निर्णय बरोबर होते. तरुण बचावपटूचे खरे नुकसान होते ते गणवेश न घालता एनएचएलच्या प्रेक्षागृहात बसून सामने बघण्यात, किंवा दर आठवड्याला वर-खाली करण्यात. विसाव्या वर्षी गेलेला सामन्यांचा हंगाम भरून काढायला दुसरी सोय नाही.

अलीकडील बदल : नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने कॅनडाच्या ज्युनिअर खेळाडूंसाठी आपले दार उघडले, २०२५-२६ पासून हे खेळाडू विद्यापीठांकडून खेळू लागले. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एनएचएलच्या नव्या सामूहिक करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक संघाला १९ वर्षांचा एक ज्युनिअर खेळाडू एएचएलमध्ये ठेवता येणार आहे. त्याच हंगामापासून एनएचएलचे साखळी सामने ८४ होतील आणि हंगामपूर्व सराव सामने चारवर येतील. तरुणांना सप्टेंबरात पारखण्याची संधी त्यामुळे घटेल, आणि लांबलेल्या हंगामात दुखापती झाल्यावर सातव्या-आठव्या बचावपटूसाठी एएचएलकडे अधिक वेळा वळावे लागेल.