कलम १८५ : ओळीओळीवरचे भाष्य

मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम १८५ जेमतेम सात-आठ ओळींचे आहे. जालन्यात अंबड चौफुलीवर रात्री पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाची पुढची वर्षे मात्र या ओळी आणि शेजारची २०२ ते २०५ ही कलमे ठरवतात. कलमाचा आशय तुकड्यातुकड्याने घेतो.

‘जो कोणी मोटार वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’

मोटार वाहनात दुचाकी येते, ट्रक येतो आणि घनसावंगीकडून ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टरही येतो. बैलगाडी येत नाही. गाडी हललीच पाहिजे असे नाही. चालवण्याचा प्रयत्नही पुरतो. पण मागच्या सीटवर झोपलेला मालक या ओळीत बसत नाही. कलम २०२ वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देते तो गणवेशातल्या पोलिसाला, आणि गुन्हा त्याच्या समक्ष घडला असेल तर. म्हणून वकिलाचा पहिला प्रश्न दारूबद्दल नसतो. स्टिअरिंगवर कोण होते आणि ते कोणी पाहिले, हे तो आधी विचारतो.

‘ज्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल’

१९८८च्या मूळ पाठात ही मर्यादा नव्हती; कितीही थोडे अल्कोहोल सापडले तरी गुन्हा होता. ३०चा आकडा १९९४च्या दुरुस्तीने आला. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. आपल्याच राज्याचा दारूबंदी कायदा रक्तातल्या ०.०५ टक्क्यांवर, म्हणजे ५० मिलिग्रॅमवर, गृहीतक उभे करतो. तेव्हा दारूबंदीच्या खटल्यात जो आकडा अपुरा ठरेल, तो गाडीच्या खटल्यात पुरेसा ठरू शकतो. ‘मला चढली नव्हती’ हा बचाव इथे निरुपयोगी आहे. झिंग किती होती, हे कलम विचारतच नाही. ‘दोन पेगपर्यंत चालतं’ हा ढाब्यावरचा कायदा, पुस्तकातला नव्हे.

‘श्वासयंत्राच्या किंवा प्रयोगशाळेसह अन्य कोणत्याही चाचणीत आढळले’

खटला बहुधा इथेच जिंकला किंवा हरला जातो. २०१९पूर्वी या ओळीत फक्त श्वासयंत्र होते. त्यामुळे नुसत्या रक्ताच्या अहवालावर शिक्षा टिकते का, असा वाद घातला जाई. दुरुस्तीने तो मिटवला. कलम २०३ सार्वजनिक ठिकाणी, वाजवी संशय असेल तर, फुंकर मारायला लावण्याचा अधिकार देते. सबळ कारण नसताना नकार दिला, तर कलम २०५प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध धरता येतो. तेव्हा ‘फुंकूच नका’ हा मित्रांचा सल्ला वाईट आहे.

कलम २०२चे परंतुक फार थोडे लोक वाचतात. कलम १८५खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत झाली पाहिजे. नाही झाली तर त्याला सोडावे लागते. शहरात हे जमते. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या आडरस्त्यावर मध्यरात्री धरलेल्या माणसाला नोंदणीकृत डॉक्टरपुढे उभे करायला दोन तास फारसे नाहीत. म्हणून अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ, या दोन नोंदी आधी शेजारी ठेवाव्यात. मात्र कोठडीतून सुटका म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

रक्त काढण्याची रीतही लिहून ठेवलेली आहे. मुंबई दारूबंदीचे १९५९चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियम सांगतात की, सुई टोचताना त्वचेला अल्कोहोल लागता कामा नये. कुपीत रक्त गोठू न देणारे आणि टिकवणारे द्रव्य हवे. कुपी मोहोरबंद हवी. हे बारकावे किरकोळ नाहीत. सलमान खानच्या २००२च्या अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली निर्दोष सोडताना रक्तनमुन्याच्या प्रवासावरच शंका घेतली. २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर अटकेत गेले. पुराव्याची साखळी जपणे आरोपीइतकेच मृताच्या घरच्यांच्याही हिताचे आहे, आणि हे वकिलांनीही विसरू नये.

नुसता वास पुरतो का? फौजदारी खटल्यात नाही. १९७१च्या बच्चूभाई कारियानी निकालात सर्वोच्च न्यायालयाने वास आणि अडखळती चाल यांवर शिक्षा टिकू दिली नाही. विम्याच्या दाव्यात मात्र गणित वेगळे आहे. पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले की, चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून नशा सिद्ध करू शकते. कोर्टातून सुटलेल्याची गाडीची भरपाई बुडू शकते, ती अशी.

‘किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली, गाडीवर ताबा ठेवण्यास असमर्थ’

इथे आकडा नाही. असमर्थता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

‘सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही’

पूर्वी दंड ‘दोन हजारांपर्यंत’ होता. आता ‘पर्यंत’ गेले. रस्त्यावर तडजोड शुल्क भरून हे प्रकरण मिटत नाही, कारण तडजोडीच्या कलम २००च्या यादीत १८५ नाही. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावेच लागते. गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा इथे हक्क असल्याने ‘साहेबांशी बोलून जामीन करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे मोजू नयेत.

वकील लागतो तो त्यानंतर. बरेच जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून मोकळे व्हायला बघतात. पुरावा पक्का असेल तर त्यात गैर काही नाही. पण कागद न पाहता कबुली देणे मला मूर्खपणाचे वाटते. एमआयडीसीतून सळई भरून नेणाऱ्या चालकाचे दहा हजारांनी अडेल, पण परवान्यावाचून घर थांबेल. कलम २०६नुसार पोलिस परवाना जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिले होते. त्या कार्यालयापुढे बाजू मांडण्याची संधी मिळते. ती सोडू नये.

‘दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही’

पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच ही वाढीव शिक्षा होती. २०१९ मध्ये ती मुदत काढली. घाईतली कबुली आता जन्मभर मागे राहते.

कोणी मेले, तर हे कलम मागे पडते आणि भारतीय न्याय संहितेची १०६ किंवा १०५ ही कलमे पुढे येतात. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवरचे सात मजूर चिरडले गेले. त्या अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तिथे बचाव वेगळा आणि वकीलही सत्र न्यायालयातला अनुभवी हवा.

वकील निवडताना फी आधी ठरवा आणि पावती घ्या. ‘सुटलात तरच पैसे’ असा करार बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. तसे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. ऐपत नसेल तर जालन्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्याला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७च्या कायद्याच्या कलम १२प्रमाणे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.