स्विचची सगळ्यांत जुनी वाट

भिवंडीत मागांच्या खडखडाटाशेजारी आता मोठमोठी गोदामं उभी आहेत. तिथले संगणक, स्कॅनर, कॅमेरे एकमेकांना जोडतो तो स्विच. त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं कसं, याचा इतिहास बघा.

१९६० साली आरएस-२३२ हे तारेवरून बोलण्याचं मानक ठरलं. १९६९ मध्ये लांबून शिरण्यासाठी टेलनेट आलं. पण त्यात पासवर्ड उघडाच जायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं.

पण नेटवर्कच बसलं, तर एसएसएच पोचणार कुठून? मग लॅपटॉप घेऊन गोदामात जायचं आणि त्याच १९६० च्या मानकावरची कन्सोल केबल लावायची. म्हणून केबल जवळ ठेवा, आणि स्विचच्या खोलीला कुलूपही घाला. ही वाट चोरालाही सापडते.