इथली नदी कुठे आहे?



गणपतीच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगतात, त्यात गोदावरीच्या तीराचा उल्लेख येतो. मग कुवेतमध्ये वाढलेलं एखादं मूल हमखास विचारतं, "पण इथली नदी कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. कुवेतमध्ये बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पश्चिम सीमेवरची वादी अल-बातिन म्हणजे एका प्राचीन नदीची कोरडी वाट. तरीही या शहराला पूर्वी नदीनेच पाणी पाजलं. तिचं नाव शत्त अल-अरब.

तुर्कस्तानच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या युफ्रेटिस आणि टायग्रिस इराकमध्ये अल-कुर्ना इथे एकत्र येतात आणि सुमारे २०० किलोमीटर वाहून आखाताला मिळतात. वाटेत इराणमधली कारून येऊन मिळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या विहिरींचं पाणी पुरेना, तेव्हा कुवेती गलबतं शत्तवरून गोडं पाणी भरून आणू लागली. १९३९ मध्ये त्यासाठी कंपनीच निघाली. बंदरावरून पाणी गाढवांवरच्या पखालींतून घरोघर जाई. समुद्र खवळला की गलबतं अडकत आणि शहर तहानेलं राही. त्याच नदीकाठचा खजूर कुवेती गलबतं मुंबईला आणत. म्हणजे या नदीशी आपली ओळख जुनीच आहे.

१९५३ मध्ये शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि पाण्याच्या गलबतांचे दिवस सरले.

नदीची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९९० मध्ये अतातुर्क धरण भरण्यासाठी तुर्कस्तानने युफ्रेटिसचा प्रवाह महिनाभर अडवला. वरून येणारं गोडं पाणी घटलं, की समुद्राचं खारं पाणी शत्तमध्ये वर चढतं. २०१८ मध्ये बसऱ्यात खाऱ्या, दूषित पाण्यामुळे हजारो लोक आजारी पडले. नाशिक-नगरची धरणं आणि खालचं जायकवाडी यांचा वाद तुम्ही ऐकलाच असेल. दुखणं तेच, फक्त इथे मध्ये देशांच्या सीमा आहेत.

तेव्हा यंदा मुलांनी विचारलं, तर नकाशा उघडा. त्र्यंबकेश्वर दाखवा, मग अल-कुर्ना दाखवा. आणि हेही सांगा, की आपल्या नळामागे आज नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करायला तेल आणि वायू जाळावा लागतो. नळ उघडा सोडू नका.