ओळख पटवणारे ताट

पोलिश भाषेत ‘यासिर’ असा शब्द आहे. तातारांनी धाडी घालून पळवून नेलेली माणसे आणि त्यांचा बंदिवास, दोन्हींना तो लावतात. मूळ अरबी ‘असीर’; तो तुर्कीतून तिकडे गेला, फारसीतही तोच. १९ व्या शतकात पोलंडचे राज्य रशिया, प्रशिया व ऑस्ट्रियाने वाटून घेतलेले असताना लिओपोल्ड लोफ्लर या चित्रकाराने ‘यासिरमधून परत’ हे चित्र रंगवले. मराठ्यांच्या इतिहासातून असे चित्र काढायचे, तर क्षण कोणता निवडावा?

आग्रा, असे उत्तर सहज येईल. पण तो बंदिवास काही महिन्यांचा. मला शाहू महाराजांचे परतणे अधिक अवघड वाटते.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते मुघलांच्या हाती लागले आणि औरंगजेबाच्या फिरत्या छावणीतच वाढले. मार्च १७०७ मध्ये बादशहा वारला. तख्तासाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने भोपाळजवळ दोराहा येथे शाहूंना सोडले. यात औदार्य थोडे, हिशेब अधिक. ताराबाईंपुढे दुसरा हक्कदार उभा राहिला की मराठे आपसांत गुंतणार होते. येसूबाई ओलीस म्हणून मागेच राहिल्या.

बालपणी गेलेला मुलगा पंचविशीत परतला. त्याला ओळखायचे कोणी? ताराबाईंच्या बाजूने तर हा तोतया असल्याचेच सांगितले जात होते. अशा वेळी परसोजी भोसले शाहूंना येऊन मिळाले आणि त्यांच्यासोबत एकाच ताटात जेवले, अशी परंपरा सांगते. तोतयाच्या ताटात घरंदाज भोसले हात घालणार नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. ताटाची कथा कोणी रंगवलेली म्हणो. परसोजी फौजेसह शाहूंच्या पक्षात गेले, ही गोष्ट पक्की आहे. त्या काळी पंगत हाही दस्तऐवजच होता.

ऑक्टोबरमध्ये खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे आले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. परसोजींच्या घराण्याला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिळाला. त्याच घराण्यातील रघूजींनी पुढे नागपूर घेतले आणि आपला वैनगंगाकाठचा भंडारा भोसल्यांच्या राज्यात आला. भंडाऱ्याच्या इतिहासाचा एक धागा असा त्या ताटापर्यंत जातो.

येसूबाईंना आणखी बारा वर्षे वाट पाहावी लागली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदांसह परतले, तेव्हा त्याही साताऱ्यास आल्या. मुलगा छत्रपती झालेला होता. ज्या रायगडावरून त्यांना नेले, तो मात्र अजून परक्यांकडेच होता. मराठ्यांनी तो परत घेतला १७३३ साली.