वेळ अमावास्येचे उंडे

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, विशेषतः औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांत, मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजेच वेळ अमावास्येला, शेतात नेल्या जाणाऱ्या जेवणाचा कणा म्हणजे उंडे आणि भज्जी. उंडे म्हणजे बाजरीच्या किंवा ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, तर तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात आणि चिंच डाळीच्या पिठात शिजवून केलेले दाट कालवण.

या जोडीमागे पिकांचे वेळापत्रक आहे. बाजरी खरिपाची, म्हणजे तोवर घरात आलेली. तूर शेंगांनी लगडलेली आणि हरभरा हिरवा, म्हणजे अजून रानात उभा असलेला. कोठारातले धान्य आणि रानातला पाला एकाच ताटात येतात ते त्यामुळेच. कृतीही धान्याच्या गुणधर्माने ठरली आहे. गव्हाच्या कणकेची वरणफळे थेट उकळत्या वरणात सोडता येतात, परंतु बाजरीच्या पिठाला तसा चिवटपणा नसल्याने त्याचा गोळा कालवणात विरघळण्याची भीती असते. म्हणून पीठ कढत पाण्याने मळून, उंडे वळून, ते वेगळे वाफवले जातात आणि ताटात कुस्करून त्यावर भज्जी ओतली जाते.

याच बसवकल्याणात, म्हणजे जुन्या कल्याणीत, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११२९ मध्ये रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून केलेली इड्डरिका वर्णिलेली आहे. तो राजाच्या भोगाचा पदार्थ. उंड्यांची परंपरा मात्र शेतकरी स्त्रियांच्या हातांनीच पुढे नेली.

हैदराबाद राज्यातील बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी विभागला गेला: भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. दोन राज्यांमधल्या या सीमेवरचा वाद अनेक वर्षे धुमसत राहिला, पण त्याची झळ या ताटाला लागली नाही. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्या आणि लातूरकडे येळवस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिवशी दोन्ही बाजूंची कुटुंबे शेतातच जेवतात, आणि लातूर जिल्ह्यात तर प्रशासन त्यासाठी स्थानिक सुट्टी जाहीर करते.